तुम्ही विचारलंत म्हणून: "नाही ना" बद्दल

आत्महत्या रोखण्यासाठी कॉलेजच्या स्टाफचं जे ट्रेनिंग आम्ही घेतो, त्यात दर वेळी चहाच्या ब्रेकच्या आधी हा प्रश्न येतो. प्राध्यापक असोत, ऑफिस स्टाफ असो, रेक्टर असोत, कुणीतरी हात वर करतं आणि म्हणतं, मॅडम, मुलाला असं तोंडावर आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात नाही का जाणार? मी सात वर्षं या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देतेय आणि दोन मिनिटांत ते कधीच पुरं होत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

मी सायकॉलॉजिस्ट नाही, केमिस्ट्री शिकवते. २०१८ ला गेटकीपर ट्रेनिंग घेतलं, म्हणजे त्रासातलं मूल ओळखायचं, त्याच्याशी बोलायचं आणि योग्य माणसापर्यंत त्याला पोचवायचं, एवढंच. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमबरोबर या ट्रेनिंगचा अर्धा दिवस मी घेते.

छोटं उत्तर असं की नाही, विचारल्यानं विचार येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २,३०० हून जास्त मुलांवर यासाठीच अभ्यास झाला होता. निम्म्या मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले आणि निम्म्यांना नाही विचारले, नंतर बघितलं तर विचारलेल्या मुलांचा त्रास वाढलेला नव्हता, आणि जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी आधी प्रयत्न केला होता त्यांना उलट जरा बरं वाटलेलं दिसलं. हे २००५ मधे छापून आलंय. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते.

हे सांगितलं की सगळे मान डोलावतात, पण पटलेलं नसतं, चेहऱ्यावर दिसतं. पूर्वी मला याचा फार राग यायचा. आता वाटतं की आकडे देऊन काय होणार, आपण ज्या घरात वाढलो तिथं वास्तू तथास्तु म्हणते. दिवा विझवला म्हणायचं नाही, बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. घराबाहेर पडताना जातो म्हटलं की आई उंबऱ्यातून ओरडते, येतो म्हण. अशा लोकांना मी सांगतेय की मुलासमोर बसून "आत्महत्या" हा शब्द उच्चारा. जीभ अडतेच. माझीही अडली होती आणि ते मला आता सांगायचंय.

२०१७ चा फेब्रुवारी. टी.वाय. च्या प्रॅक्टिकल परीक्षेला बारा दिवस होते, जर्नल सर्टिफाय करायची गडबड, माझ्यासमोर ढीग होता. एक मुलगा आला पावणेपाचला, लॅब बंद व्हायच्या वेळी. टायट्रेशनला इतका चांगला हात मी फार कमी मुलांचा बघितलाय, एंड पॉइंटला थेंबाचाही फरक पडायचा नाही. त्यानं धुतलेला, इस्त्री केलेला ॲप्रन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, मॅडम कुणा ज्युनिअरला लागला तर द्या. मी म्हटलं, अरे परीक्षा व्हायचीय की अजून. तर म्हणाला, माझ्याकडे दुसरा आहे. मला माहीत होतं त्याच्याकडे दुसरा नाहीये. तीन वर्षं तो एकच ॲप्रन बघत होते मी, खिशापाशी परमँगनेटचा डाग असलेला.

मग मी विचारलं. काय विचारलं ते शब्दन् शब्द आठवतंय. "सगळं ठीक आहे ना रे? डोक्यात काही वेडंवाकडं नाही ना?" तो म्हणाला, नाही मॅडम. मी पेन परत उचललं. तो म्हणाला, जातो मॅडम. आणि मी सवयीनं, वर न बघता म्हटलं, जातो नाही, येतो म्हणावं. तो म्हणाला, येतो मॅडम.

शनिवारी सकाळी फोन आला.

तो वाचला. हे आधी सांगते कारण ट्रेनिंगमधे मी इथं थांबले की लोकांना श्वास घेता येत नाही. तो नऊ दिवस दवाखान्यात होता. मी सहाव्या दिवशी गेले, त्याआधी धीर झाला नाही. त्याची आई जिन्यात डबा मांडीवर घेऊन बसली होती, मला बघून उभी राहिली आणि म्हणाली, तुमचं नाव घेतो मॅडम घरी, बसा की. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, वळला नाही. मी दहा मिनिटं उभी राहिले, परीक्षेचं बघू रे, काळजी करू नकोस असं काहीतरी म्हटलं आणि निघाले. तो परत कॉलेजला आला नाही. आज तो जिवंत आहे एवढं मला माहितीये, बाकी त्याचं त्याच्याजवळ राहू दे.

त्यानंतर वर्षभर मी जो भेटेल त्याला सांगत होते की मी विचारलं होतं हो त्याला, तो नाही म्हणाला. प्राचार्यांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, स्वतःला तर रोजच. आणि ते खोटं नव्हतं ना! मला शंका आली होती, मी दुर्लक्ष केलं नव्हतं, अजून काय करायला हवं होतं मी?

मग ते ट्रेनिंग. दुपारी जोड्या लावून सराव करायचा होता, माझ्या जोडीला अकाउंट्सचे एक लिपिक होते, ते विद्यार्थी झाले, मी शिक्षक. मी सुरुवात केली आणि तोंडातून आलं, "तुझ्या मनात आत्महत्येचा विचार नाही ना?" ट्रेनर म्हणाले, परत. मी परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदाही ते "ना" आलंच. तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी लॅबमधे मी विचारलंच नव्हतं. उत्तर मीच देऊन ठेवलं होतं, त्यानं फक्त ते मला परत केलं. "जेवलास ना" म्हटलं की मूल उपाशी असलं तरी हो म्हणतं, तसंच हे. मी तिथून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाही.

आता जे वाक्य शिकवते ते असं: "माणसाला कधी कधी इतका त्रास होतो की मरून जावंसं वाटतं. तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतोय का?" शेवटी "का". "वेडंवाकडं" नको, "बरंवाईट" नको, कारण त्या शब्दांतूनच मुलाला कळतं की हे ऐकायची समोरच्याची तयारी नाही.

असं विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता का? तेव्हाची मी म्हणते, नसताच म्हणाला, ठरवून आला होता तो. आत्ताची मी म्हणते, ॲप्रन द्यायला माझ्याकडेच का आला मग. दोघींचं भांडण मिटलेलं नाही.

आणि खरं सांगू का, विचार डोक्यात जाईल ही भीती वरची आहे. तिच्याखाली दुसरी आहे, तो हो म्हणाला तर मी काय करू? पोलीस केस होईल का, माझ्यावर येईल का? कायद्याचं सांगते. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम ११५ म्हणतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा द्यायची नाही. आणि हो म्हणाला तर काय करायचं तेही काही अवघड नाहीये, त्याला एकटं सोडायचं नाही, ऐकायचं, भाषण द्यायचं नाही, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे स्वतः घेऊन जायचं, कुणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावायचा, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

लिहायला सोपं आहे. २०२३ मधे एस.वाय. च्या एका मुलीला मी बरोबर विचारलं, "का" लावून विचारलं, आणि ती हो म्हणाली. सोमवार होता, आमच्या समुपदेशक बुधवारी येतात. साडेसातपर्यंत तिच्याजवळ बसले, १४४१६ लावला, रेक्टरना सांगितलं, मग तिच्या मोठ्या बहिणीला फोन केला. मुलगी म्हणत होती, मॅडम घरी नको. हे माझ्यापुरतं ठेवीन असं वचन द्यायचं नसतं आणि तसं आधीच, बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायचं असतं. मी सांगायला विसरले. तिला वाटलं मी तिला फसवलं. घरच्यांनी तिचं होस्टेल बंद केलं, ती वर्षभर एसटीनं दीड तासाचा प्रवास करून यायची, माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसायची आणि कॉरिडॉरमधे मी दिसले की वळून दुसऱ्या जिन्यानं जायची. ती सुखरूप राहिली. पण परत तशी वेळ आली तर ती आता कुणाला सांगेल का, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

मग ट्रेनिंगचा उपयोग काय, असं तुमच्यातलेच काहीजण म्हणता. अशा ट्रेनिंगनं लोकांची माहिती आणि बोलायचा धीर वाढतो हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय, पण नुसत्या ट्रेनिंगनं आत्महत्या कमी होतात असा पक्का पुरावा नाहीये, आणि मी तो आहे असं कधी म्हणणार नाही. एका दिवसाचं सर्टिफिकेट देऊन, बॅनरसमोर फोटो काढून, बुधवारच्या समुपदेशकावर भागवणाऱ्या संस्थांनी माझ्या तोंडून तर ते ऐकूच नये. पण २०२२ मधे देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येनं गेले, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. हे बघून मी गप्प बसू शकत नाही. सुप्रीम कोर्टानं २५ जुलै २०२५ ला सांगितलंय की शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्या स्टाफचं वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग झालंच पाहिजे. शिक्षकेतर हा शब्द त्यात आहे याचा मला मनापासून आनंद झाला, कारण मूल मेसमधे जेवायचं बंद झालंय हे मावशींना कळतं, रात्री गच्चीवर कोण जातं हे वॉचमन काकांना माहीत असतं, आम्हा प्राध्यापकांना फार उशिरा समजतं.

परवा स्कॉलरशिपच्या खिडकीवर बसणाऱ्या एका दादांनी हाच प्रश्न विचारला. म्हणाले, मॅडम, पैसे अडकले की खिडकीवर मुलं रडतात, पण असं विचारायचं म्हणजे अभद्र वाटतं हो. मी म्हटलं, वाटणारच दादा, एकदा म्हणून बघा, मला विचारा. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, घसा साफ केला आणि विचारलं, "मनात काही तसं नाही ना?"

मी म्हटलं, परत.