तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लांचं उष्टावण

रात्री अकरानंतर माझा फोन वाजला तर आमच्या घरात कुणी दचकत नाही. "कुणाचं तरी पिल्लू दूध पीत नसेल," म्हणून नवरा कूस बदलतो. फोटोही ठरलेला असतो. स्टीलची ताटली, ताटलीत दूध आणि ताटलीपासून वीतभर लांब थरथरत बसलेलं गाठोडं. खाली मजकूर, "काकू, हे काहीच खात नाहीये. काय देऊ?"

या फोनांना हंगाम असतो. भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. तिथून साधारण ६३ दिवस मोजा, की दिवाळीनंतरची थंडी येते. म्हणजे पिल्लं जन्मतात तीच मुळी कुडकुडायला. त्या दिवसांत साताऱ्यातल्या आमच्या मागच्या पडवीत एखादं तरी खोकं असतंच. मी जनावरांची डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. पण कुत्र्यामांजरांची पिल्लं मात्र इतकी वाढवली की लोक विचारतात.

"काय देऊ" याला माझं उत्तर असतं, "आधी तोंड उघडून दाखव." मग अंगठ्याचे, जिभेचे, पंख्याचे असे सहा अस्पष्ट फोटो येतात आणि सातव्यात हिरडी दिसते. मला दात बघायचे असतात. डोळे दहा-चौदा दिवसांत उघडतात, त्यावरून फारसं काही ठरत नाही. डोळे उघडले म्हणजे आता जेवेल, असं वाटणं हीच पहिली चूक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिरडीतून तांदळाच्या कणीसारखे दात वर येतात. मांजरात पुढचे बारके दात थोडे आधी दिसतात. त्याच सुमाराला पिल्लू पोट घासत सरपटायचं सोडून चार पायांवर डुलत उभं राहतं. दात आणि पाय, दोन्ही आले की उष्टावण. नुसत्या तारखेवर जाऊ नका, कारण रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाची तारीख कुणाला माहीत असते?

दात नसतील तर जेवणाचा विषयच नाही. तेव्हा हवी ऊब आणि पिल्लांसाठीची दूधपावडर. ती औषधांच्या दुकानात नाही, पण पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. गार पडलेल्या पिल्लाला आधी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी द्यायची, अंग कोमट झालं की मगच दूध. थंड पिल्लाचं पोट काम करत नाही, पाजलेलं आत तसंच पडून राहतं. आणि प्रत्येक पाजण्याआधी-नंतर ओल्या कापसाने शू-शीची जागा हलके पुसायची. आई चाटून जे करते तेच. त्याशिवाय पहिले तीन आठवडे त्यांना धड शूसुद्धा करता येत नाही. हे सांगितलं की निम्मे लोक फोन आईकडे देतात.

आता ताटलीतल्या दुधाबद्दल. त्याबद्दल मला जरा मोठ्याने बोलायचंय, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे.

माझी पहिली पिल्लं बांधकामावरच्या सिमेंटच्या पाइपातून आली होती. चार होती. मी त्यांना म्हशीचं दूध दिलं, बिनपाण्याचं. दाट आहे, अंगी लागेल, असा हिशोब. दोन दिवस पोटं टम्म दिसली आणि मी खूश. तिसऱ्या दिवशी खोक्यातलं फडकं पिवळं आणि ओलं. सगळ्यात लहान पिल्लू फडक्याच्या कोपऱ्यात पडून होतं. डॉक्टरांनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसलीच नाही, तंबूसारखी उभी राहिली. अंगात पाणी उरलं नाही की असं होतं. "अहो बाई," ते म्हणाले, "म्हशीचं दूध रेडकासाठी असतं." ते पिल्लू संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

नंतर मी आकडे शोधले, माझी ती सवयच आहे. गाईम्हशीच्या १०० ग्रॅम दुधात दुधाची साखर पाचेक ग्रॅम असते, कुत्रीच्या दुधात साधारण साडेतीन. ही जास्तीची साखर पिल्लाला पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. प्रथिनांचं उलटं आहे. कुत्रीच्या दुधात ती गाईच्या दुपटीहून जास्त असतात. म्हणजे जे नको ते जास्त आणि जे हवं ते कमी. "मग पाणी घालून देते," असं कुणीतरी म्हणतंच. पाणी घातलं की साखरेबरोबर प्रथिनंही पातळ होतात. पोट भरतं आणि पिल्लू उपाशीच राहतं.

यावर हमखास येणारं वाक्य, "आमच्या आजोळी मांजरं दूधपोळीवरच वाढली." नाही वाढली. ती माळ्यावरच्या उंदरांवर वाढली. दूधपोळी वरकड होती.

आई असेल तर मात्र तुमचं काम बरंच सोपं, फक्त मध्ये पडू नका. पिल्लांचे दात सुईसारखे झाले की आचळाला लागतात. मग आई पाजता पाजता उठून चालायला लागते, लोंबकळणारी दोन-तीन पिल्लं टपाटप खाली पडतात. लोकांना वाटतं, आईची माया आटली. अहो, तेच दूध तोडणं! आमच्या गल्लीतली एक काळी कुत्री दुपारी कुठून तरी जेवून यायची आणि पिल्लांसमोर सगळं ओकायची. पिल्लं त्यावर तुटून पडायची. शेजारच्या वहिनी "शी, आजारी आहे वाटतं ही," म्हणत पाइप घेऊन धावल्या. मी पाइपावर पाय ठेवला. अर्धवट पचलेलं, कोमट, मऊ. आपण भात गुरगुट्या शिजवून चमच्याने दाबतो, त्याचीच ही कुत्र्यांची तऱ्हा.

पण हे लाड फार दिवस चालत नाहीत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. पिल्लं मोठी होत जातात तशी आई मिळालेलं खाणं वाटून खायचं कमी करते आणि पुढे पिल्लांशीच झटापट करते, असं त्यांनी नोंदवलंय. ती काळी तसंच करायची. दोन महिन्यांच्या पोराच्या तोंडातला पाव ओढून घेताना मी तिला बघितलंय.

आई नसेल तर ही सगळी कामं आपली. इथे मला सासूबाईंनी शहाणं केलं. त्यांना घरात जनावर चालत नसे, पडवी हा तहाचा प्रदेश. एकदा मी मांजराच्या पिल्लाला मांडीवर उताणं धरून ड्रॉपरने पातळ खाणं देत होते. त्याने ठसका दिला आणि नाकातून बुडबुडा आला. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "अगं, ओततेस काय! पोर आहे का घागर? त्याला ओढू दे." आत जाऊन नवऱ्याचं लहानपणीचं चांदीचं बोंडलं घेऊन आल्या, टोक ओठाला कसं टेकवायचं आणि थांबायचं ते दाखवलं, आणि बोंडलं परत घेऊन गेल्या. मांजराला लावू दिलं नाही. पण मुद्दा पोचला. पिल्लू पालथं, पोटावर, आणि घोट त्याचा त्याने घ्यायचा. घशात ओतलेलं फुप्फुसात जातं, आणि तिथे गेलेलं काढणं डॉक्टरांच्याही हातात फारसं नसतं.

तर उष्टावण. कुत्र्याच्या पिल्लांसाठीचं कोरडं खाणं मिळतं, ते एका वाटीला तीन वाट्या कोमट पाणी घालून अर्धा तास भिजवायचं आणि कुस्करायचं. धिरड्याच्या पिठाइतपत सैल हवं. ते परवडत नसेल तर उकडलेलं चिकन हाडं काढून बारीक, त्यात चमचा-दोन चमचे गुरगुट्या भात. मीठ नाही, हळद-तिखट नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वाटी नको, डब्याचं पसरट झाकण घ्या. बोटाच्या टोकावर घेऊन ओठाला लावा. पिल्लू चाटेल, तोंड वाकडं करेल, बोट चोखेल. मग बोट हळूहळू झाकणाकडे न्या. डोकं धरून अन्नात दाबू नका, नाकात गेलं की ते झाकणालाच घाबरतं. पहिल्या दिवशी ते खाण्यात चालतं, दुसऱ्या दिवशी खाण्यात झोपतं, तिसऱ्या दिवशी भाऊ त्याच्या अंगावरचं चाटतो. त्यातूनच जेवण जमतं. नंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, नाहीतर थंडीत गारठतं. झाकण अर्ध्या तासाने उचला. सातारी मुंग्या वाट बघत असतात.

दूध लगेच तोडायचं नाही. आधी खाणं पुढे करायचं, मग उरलेल्या भुकेला बाटली. दिवसाला चार-पाच वेळा. बाटल्या एकेक करून कमी करत सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बंद. शेजारी उथळ पाणी पहिल्या दिवसापासून. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. मांजराचं पिल्लू चांगलं वाढत असेल तर रोज दहाएक ग्रॅम चढतं. दोन दिवस काटा हलला नाही तर मला नाही, डॉक्टरांना फोन. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या दिसताहेत, तर जंत. कुत्र्याच्या पिल्लांत ते आईच्या पोटातूनच येतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होतं. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा शेजाऱ्याकडे उरलेली बाटली वापरू नका.

मांजराबाबत मात्र तडजोड नाही. आम्ही शाकाहारी. पहिल्या मांजराच्या वेळी मीही पनीर, डाळीचं पाणी, सगळं करून पाहिलं. मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच लागतो, तिच्या शरीरात तो पुरेसा तयार होत नाही. तो मांसात असतो, पनीर-डाळीत नाही. कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदय दुबळं होतं. हृदयाचं हे कारण १९८७ साली उघड झालं. कुत्र्याचं खाणंही म्हणूनच मांजराला चालत नाही. शेवटी पडवीत इंडक्शन शेगडी आली, वेगळं पातेलं, वेगळी सुरी. सासूबाई तेवढा वेळ देवघराचं दार लावून घेत.

खायला लागलं की दुसरा फोन येतो. "काकू, आता देऊन टाकू का? लहान असलं की लळा लागतो." नाही. आठ आठवडे भावंडांत राहू दे. चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो, हे ते तिथेच शिकतं. नाहीतर तुमच्या मनगटावर शिकेल. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीसाठी केंद्र सरकारने केलेल्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकताही येत नाही. फुकट देणाऱ्यांनीही तेवढं पाळायला काय हरकत आहे?

तेव्हा आज रात्री पिल्लू सापडलं असेल तर त्याला ऊब द्या, हिरडीवर बोट फिरवून बघा आणि मग फोन करा. पातेल्यातलं दूध सकाळी चहाला घ्या.