सत्तावन्न हजार पदांचे काय झाले?

लष्कराच्या रसद पुरवठ्यात नोकरी केल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: सत्तावन्न हजार माणसे कमी करून आणि दुधाची फार्म बंद करून फौज दुबळी झाली नाही का?

आधी आकड्याविषयी सांगतो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर (निवृत्त) यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींपैकी ६५ शिफारशी ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने मान्य केल्या. त्यांत सुमारे ५७,००० पदांची, म्हणजे अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी), जवान आणि मुलकी कर्मचारी या सर्वांची, फेरमांडणी होती. ही सरसकट कपात नव्हती. सिग्नल (संदेशवहन), वर्कशॉप, ऑर्डनन्स डेपो (शस्त्रे व साहित्याची कोठारे), वाहतूक, शांतताकालीन ठाण्यांतील टपाल अशा सेवांतील माणसे मोकळी करून ती लढाऊ क्षमता वाढेल अशा ठिकाणी वापरावीत, असा तिचा हेतू होता.

दुधाबद्दल बहुतेकांना विशेष हळहळ वाटते. पहिले मिलिटरी फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला निघाले, कारण छावणीला खात्रीचे, स्वच्छ दूध पुरवू शकेल अशी व्यवस्था बाहेर नव्हती. पुढे याच फार्मांवर साहिवाल आणि होल्स्टीन फ्रिजियन यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ गाय तयार झाली. हे काम खरोखरच मोठे होते, आणि त्याचे श्रेय या खात्याला फारसे कुणी देत नाही. परंतु सहकारी दूधसंघांचे टँकर जिथे रोज पोहोचतात, तिथे सैनिकाने गोठा का सांभाळावा? शेवटची ३९ फार्म बंद झाल्याचा समारंभ ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत झाला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, किंबहुना उशिराच झाला.

वर्कशॉपांना मात्र हाच हिशेब लावताना माझा हात आखडतो. खडकीसह आठ बेस वर्कशॉप, म्हणजे लष्करी सामग्रीची मोठी दुरुस्ती करणारे कारखाने, सरकारी मालकीची ठेवून ती कंत्राटदाराकडून चालवून घ्यावीत, असा विचार पुढे आला. दूध एका संघाने नाकारले तर दुसऱ्याकडून घेता येते. रणगाड्याचे इंजिन उघडून पुन्हा जुळवणारा फिटर मात्र ऐन लढाईच्या दिवसांत बाजारात मिळत नाही आणि कंत्राटातील दंडाच्या कलमाने तो निर्माणही होत नाही. खेचरांचेही तसेच आहे: जिथे रस्ता संपतो आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नाही, तिथल्या चौकीपर्यंत ती अजून लागतात.

याहून उपयुक्त बदल मला संयुक्त रसद केंद्रांचा वाटतो. पूर्वी तिन्ही दले एकाच शहरात आपापली कोठारे आणि आपापली भाड्याची वाहने ठेवत. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या केंद्रातून शिधा, इंधन, लहान शस्त्रांचा दारूगोळा आणि वाहतूक ही तिन्ही दलांना एकत्रित मिळावीत, अशी योजना आहे. पदे कमी न करताही यात बचत होते.