रांगेतला फर्स्ट हाफ

टोरंटोजवळ राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली, तरी थिएटरात सव्वा तास झाला की माझे पाय अंधारात आपोआप चपला चाचपायला लागतात. मध्यंतराची वेळ झालेली असते ना! पण इथे मध्यंतर नसतं. पिक्चर सुरू झाला की थेट शेवटच्या पाट्यांपर्यंत, मग तो तीन तासांचा का असेना. मिसिसागाला हिंदी पिक्चर लागतो तेव्हा तर फारच पंचाईत. पडद्यावर 'इंटरव्हल' अशी पाटी येते, क्षणभर थांबते आणि लगेच पुढचा सीन. हॉलमधले आम्ही सगळे देशी त्या पाटीकडे, स्टेशन न घेता निघून चाललेल्या गाडीकडे बघावं तसे बघत बसतो.

मला चहा-वड्याचं तेवढं दुःख नाही. दुःख वेगळं आहे. आमच्या घरात पिक्चरबद्दलचं मत तयार व्हायचं ते मध्यंतरात. रत्नागिरीला थिएटरच्या बाहेर, हातात तेल सुटलेल्या कागदातला बटाटेवडा, आणि बाबा सांगणार, "पहिला हाफ बरा आहे. आता पुढे सांभाळलं म्हणजे मिळवलं." आई म्हणणार, "हिरोचा भाऊच खुनी आहे, लिहून ठेवा." शेजारचे अनोळखी काका त्यात पडणार. हे सगळं कच्चं मत. दुसऱ्या हाफनंतर ते फिरवायची सगळ्यांना मुभा असायची आणि कोणी कोणाला तोंडावर पाडत नसे. इथे तशी कच्च्या मताला जागाच नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग मी टोरंटो फिल्म फेस्टिव्हलच्या रांगेत उभी राहिले.

हा फेस्टिव्हल १९७६ साली सुरू झाला. दर सप्टेंबरात अकरा दिवस. पहिल्या शनिवार-रविवारी किंग स्ट्रीटचा एक तुकडा गाड्यांना बंद करतात, ट्राम वळवतात, आणि जिथे एरवी ऑफिसवाले मान खाली घालून चालतात तिथे लोक फोन वर धरून कुठल्याशा काळ्या गाडीचं दार उघडायची वाट बघत उभे असतात. तिकिटं आमच्यासारख्यांना परवडण्यातली नसतात किंवा आधीच संपलेली असतात. त्यावर उपाय म्हणजे 'रश लाइन'. हाउसफुल्ल शोच्या बाहेर दोन-दोन तास आधी उभं राहायचं. आत जेवढ्या खुर्च्या रिकाम्या राहतील तेवढ्या लोकांना शेवटच्या काही मिनिटांत आत सोडतात. नाही राहिल्या, तर घरी.

या रांगेत कोणी गप्प राहत नाही. एरवी लिफ्टमध्ये हवामानापलीकडे न बोलणारी ही माणसं रांगेत पहिला प्रश्न विचारतात, "आत्तापर्यंत काय काय पाहिलंत?" लोक नोकरीवरून रजा काढून येतात, दिवसाला चार-पाच पिक्चर बघतात, कोणता सोडून कोणाकडे पळायचं याचे तक्ते करून आणतात. माझ्या पुढे निळी टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांचा तक्ता कागदावरच, चार रंगांच्या मार्करने रंगवलेला. २००८ मध्ये याच फेस्टिव्हलला त्यांनी 'स्लमडॉग मिलियनेअर' पाहिला होता आणि प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार त्याला मिळाला त्यात आपलंही मत होतं, हे त्यांनी मला दहा मिनिटांत दोनदा सांगितलं. मग जरा खाली वाकून विचारलं, "तुमच्याकडे मात्र बरेच लोक रागावले होते ना?" मी म्हटलं, रागावले होते, आणि ऑस्कर मिळाल्यावर फटाकेही वाजवले. आजोबा खूश झाले. त्यांनी टोपी काढून परत घातली.

हे २०२४ चं सांगतेय. रांग पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ची होती. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरचे, म्हणजे ऐन फेस्टिव्हलमध्ये. आमच्याकडे दीड दिवसाचा. विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते आणि माझ्या पिशवीत तळणीच्या मोदकांचा डबा होता. मागे मेक्सिकोची एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. कॉफी आणायला गेले तेव्हा तिने माझी जागा धरली, म्हणून डबा उघडून पुढे केला. तिने एक मोदक उलटसुलट करून पाहिला, शेंडी आधी खाल्ली (शेंडी आधी खाणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं असतं), आणि मग ती 'एमिलिया पेरेझ'वर घसरली.

या पिक्चरची त्या आठवड्यात केवढी हवा होती, ते आता सांगून खरं वाटणार नाही. मे महिन्यात फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला ज्युरी पुरस्कार, चार अभिनेत्रींना मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. रांगेत जो तो म्हणत होता, "बघायलाच हवा." मेक्सिकोतला अमली पदार्थांचा म्होरक्या, त्याचं बाई होणं, त्यात गाणी. दिग्दर्शक फ्रेंच आणि चित्रीकरण बरंचसं पॅरिसजवळच्या स्टुडिओत. ही बाई आदल्याच दिवशी पाहून आली होती. ती म्हणाली, "मुख्य चौघींपैकी मेक्सिकोची एकच आहे. बाकीच्या बोलतात ते स्पॅनिश आमचं नाही. एक तर शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी तशी बोलते." निळ्या टोपीचे आजोबा म्हणाले, "पण मी तर खाली लिहिलेलं इंग्रजी वाचत होतो. मला काहीच खटकलं नाही." ती म्हणाली, "तेच सांगतेय मी."

मला तिथेच मुंबईच्या हिंदी पिक्चरमधले 'मराठी' हवालदार आणि मोलकरणी आठवल्या. आये-गे करत बोलणाऱ्या.

रांगेत एक पोरगा होता, विशी-बाविशीचा, फोनवर टक्के बघून पिक्चर निवडणारा. 'रॉटन टोमॅटोज'वर इतके टक्के म्हणजे बघायचा, तितके म्हणजे नाही. ते टक्के म्हणजे मार्क नव्हेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. किती समीक्षकांनी 'ठीक आहे, बघा' म्हटलं, त्याचं ते प्रमाण. शंभरातल्या शंभर जणांनी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी शंभर टक्के. आणि शंभरातल्या साठ जणांना तो आयुष्यातला सर्वांत मोठा पिक्चर वाटला नि चाळीस जण शिव्या घालत उठले, तर साठच. मला स्वतःला तो दुसरा पिक्चर बघायला आवडेल. तसंच ते टाळ्यांचं. कानला आमच्या पिक्चरला प्रेक्षक आठ मिनिटं उभे राहून टाळ्या वाजवत होते, अशी बातमी मे महिन्यात सगळीकडे होती. पत्रकार खरंच घड्याळ लावून बसतात म्हणे. आठ मिनिटं टाळ्या वाजवून बघा कधीतरी, तिसऱ्या मिनिटाला हात कोपरापासून दुखतात.

असो. आम्हा तिघांनाही आत सोडलं. सुरुवातीला पायरसीबद्दलची सूचना झळकली आणि प्रथेप्रमाणे हॉलभरातून लोक चाच्यांसारखे "आर्रर्र" ओरडले. मग मुंबई सुरू झाली. पाऊस, लोकल, दवाखान्यातल्या मल्याळी नर्सेस, जर्मनीहून आलेला तो लाल राइस कुकर, आणि त्याला रात्री एकटीच मिठी मारून बसलेली नर्स प्रभा, जिचा नवरा जर्मनीत. हे माझ्या काळजात घुसलं, कारण परदेशातून आलेल्या वस्तूचं काय करायचं हे न कळणारी घरं मी पाहिली आहेत. आता त्या वस्तू पाठवणाऱ्यांत मी आहे. पार्वती झालेली छाया कदम पडद्यावर येऊन मराठीत बोलली तेव्हा इंग्रजी अक्षरं खाली उमटण्याच्या आधी मला हसू आलं. हॉलमध्ये तेवढं अर्धं सेकंद मी एकटीच हसत होते.

आणि मग गोष्ट रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर गेली. बिल्डरने घरातून काढलेली पार्वती गावी परत जाते, प्रभा आणि दुसरी एक नर्स तिला पोचवायला. इथे माझं बिनसलं. समुद्रातून एक माणूस बाहेर काढतात आणि प्रभा त्याच्यात आपला नवरा बघते, तिथे मला पिक्चर हातातून निसटल्यासारखा वाटला. पहिल्या भागात जे न सांगता कळत होतं, ते आता खांद्यावर हात ठेवून समजावलं जातंय, असं काहीतरी. मध्यंतर असतं तर बाहेर येऊन म्हटलं असतं, "पहिला हाफ फार छान. आता पुढे सांभाळलं म्हणजे मिळवलं."

पण बाहेर आले तर आजोबांचे डोळे ओले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "हे तुमचं गाव ना?" माझं गाव त्या जागेपासून किती लांब हे मलाही ठाऊक नव्हतं, पण मी हो म्हटलं. "कसा वाटला?" मी म्हटलं, "ब्यूटिफुल."

खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. चार परक्या माणसांत आपल्या मुलीचं कौतुक चाललं असताना 'गणितात जरा कच्ची आहे हो' म्हणून कोण सांगतं? मेक्सिकोवाली माझ्याकडे बघत होती. युनियन स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो तेव्हा तिने सरळ विचारलं, "शेवटचा भाग आवडला नाही ना तुला?" मी विचारलं, कसं कळलं? म्हणाली, "मी पण 'एमिलिया'नंतर पहिल्या दोघांना 'ब्यूटिफुल'च सांगितलं होतं." मग मात्र लेकशोअर वेस्टची गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी यथेच्छ बोललो.

त्या वर्षीचा प्रेक्षक पुरस्कार 'द लाइफ ऑफ चक'ला मिळाला. आमच्या रांगेत त्याचं नाव कोणाच्या तक्त्यात नव्हतं. २०१२ पासून २०२३ पर्यंत ज्याला हा पुरस्कार मिळाला तो प्रत्येक पिक्चर ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात होता. 'चक' तर तेव्हा कुठल्या वितरकाला विकलाही गेला नव्हता. थिएटरात यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. 'एमिलिया पेरेझ' दुसरा आला, 'अनोरा' तिसरा. पुढचं तुम्हाला माहीत आहे. 'एमिलिया'ला तेरा नामांकनं मिळाली, जानेवारीत मेक्सिकोत लागला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याची सालटी काढली, नायिकेची जुनी ट्वीट्स बाहेर आली आणि हातात दोन ऑस्कर राहिले. पाच 'अनोरा'ला. मेक्सिकोवालीने मला फक्त एका मोदकाचं चित्र पाठवलं.

आपल्याकडे ऑस्करसाठी 'लापता लेडीज'ची निवड झाली, आणि पायलचा पिक्चर भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटतो असं निवड समितीचं मत पडल्याचं छापून आलं. मावसभावाने ते कात्रण ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'तायडे, तुझा नर्सांचा पिक्चर गेला.' मी चवताळून भांडले. शेवटच्या भागाबद्दल एक अक्षर बोलले नाही. डिसेंबरात ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' या सिनेमाच्या मासिकाने तो वर्षातला पहिल्या नंबरचा पिक्चर ठरवला, ते कात्रण मग मी टाकलं. खालच्या पातळीवर उतरले, कबूल आहे.

जानेवारीत तो ओटीटीवर आला. एका रविवारी सकाळी दहाला, म्हणजे रत्नागिरीत रात्री साडेआठला, आईचा फोन.

"बघत्येय तुझा पिक्चर," ती म्हणाली. "जरा थांबवून ठेवलाय."

"कसा वाटतोय?"

"सावकाश आहे गो. मी मधेच उठून कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, तरी ती आपली लोकलमध्येच. पण पोरी चांगल्या आहेत. ती कदमांची तर आपल्यातलीच वाटते. त्या जर्मनीवाल्या नवऱ्याचं काही खरं नाही, तो काही येत नाही, लिहून ठेव."

मी गप्प.

"सांगू नकोस हां पुढचं. आपली रत्नागिरी कधी येते तेवढं सांग."

"आता येईल. दुसऱ्या हाफमध्ये."

"मग कुकर उतरवून घेते आधी," म्हणाली आणि फोन ठेवला.