जावेला नाही, तर मला कशाला?

बाईंनी औषधांचा प्लास्टिकचा डबा माझ्या टेबलावर रिकामा केला तेव्हाच निम्मं निदान झालं होतं. इस्ट्रोजेन जेलच्या नळ्या शेवटपर्यंत पिळून काढलेल्या आणि प्रोजेस्टेरॉन कॅप्सूलची पाकिटं जशीच्या तशी. एका पाकिटातल्या तेवढ्या चार-पाच कॅप्सूल गेलेल्या.

वय 52. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. दोन आठवड्यांपासून अंगावर लाल डाग जात होते. "मॅडम, पाळी परत सुरू झाली का ओ?" असं त्यांनी विचारलं खरं, पण मनातला प्रश्न वेगळाच होता, तो चेहऱ्यावर दिसत होता.

वर्षापूर्वी मीच त्यांना हार्मोन सुरू केले होते. रात्रीतून चार-चार वेळा अंगातून वाफा निघायच्या, घामानं कपडे भिजायचे, झोपेचं खोबरं झालेलं. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात, लिव्हरचा आजार असं मागं काही नव्हतं, मॅमोग्राफी नॉर्मल होती, वय साठीच्या आत. म्हणून इस्ट्रोजेनचं जेल रोज दंडावर लावायला दिलं आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज रात्री झोपताना.

त्यांनी ती सकाळी घेतली, चहानंतर, बीपीच्या गोळीबरोबर. या कॅप्सूलनं गुंगी येते, आणि रात्री घेतली तर तीच गुंगी झोपेला मदत करते. सकाळी घेतल्यावर भाकऱ्या थापताना त्यांचे डोळे मिटायला लागले, एकदा भोवळ आली. मग थोरल्या जावेशी बोलणं झालं. त्याही वाफांसाठी औषध घेतात, दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडून. त्या म्हणाल्या, "मला तर नुसती एकच गोळी आहे. तुला ही दुसरी कशाला दिलीय?" झालं. कॅप्सूल बंद, जेल चालू. असं जवळजवळ वर्ष गेलं.

थोरल्या जाऊबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं आणि एकच विचारलं, "तुमचं गर्भाशयाची पिशवी काढायचं ऑपरेशन झालंय?" झालं होतं, बारा वर्षांपूर्वी. सगळा फरक तिथंच होता. प्रोजेस्टेरॉन द्यायचं ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासाठी. इस्ट्रोजेन ते अस्तर वाढवत राहतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. पिशवीच नसेल तर साधारणपणे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असताना तेच एकट्यानं घेत राहणं धोक्याचं.

हे वैद्यकशास्त्रही फार महागात शिकलं आहे. अमेरिकेत कित्येक वर्षं पाळी गेलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं जायचं. 1975 मध्ये तिथल्या अभ्यासांनी दाखवलं की त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त होतो. पुढं नव्वदच्या दशकातल्या एका चाचणीत, पिशवी असूनही तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या बायकांपैकी सुमारे 62 टक्के जणींचं अस्तर बेसुमार वाढलेलं निघालं. तुलनेसाठी औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांत हे प्रमाण 2 टक्के होतं.

सोनोग्राफीत अस्तर 13 मिलिमीटर आलं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि अस्तर 4 मिलिमीटरच्या वर असलं की तुकडा तपासायलाच हवा. बारीक नळीनं ओपीडीतच नमुना घेतला, जेल थांबवलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्या घरानं कसे काढले असतील, मला कल्पना आहे. त्यांच्या मुलाचा रोज फोन यायचा.

रिपोर्ट आला: अस्तराची वाढ आहे, पण पेशींत बिघाड नाही. म्हणजे कॅन्सर नाही, आणि औषधानं परत फिरण्यासारखं.

मी समजावून सांगत होते, तेवढ्यात बाई स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे मी पाणी पाजत राहिले आणि भांगलण केलीच नाही." मी इतकं नेमकं कधी सांगू शकले नसते.

मालक मात्र अडून बसले. "पिशवीच काढून टाका मॅडम, कटकट नको." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं उघड झालं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तरीही आपल्याकडं पिशवी म्हणजे काम झालेली, काढून टाकायची वस्तू. जिथं ऑपरेशन लागतंच तिथं मी करते. इथं लागत नव्हतं. पेशींत बिघाड नसलेली अशी वाढ योग्य उपचारानं बहुतेक जणींत बरी होते, हे मी त्यांना शांतपणे, पण दोनदा सांगितलं. मग बाईंकडं वळून विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, "औषधानं होत असंल तर औषधच."

मिरेना बसवली, म्हणजे गर्भाशयात ठेवायची हार्मोनची तांबी. तिच्यातलं प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन थेट अस्तरावर काम करतं, रोज आठवणीनं घ्यायची भानगड नाही. सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेतला. अस्तर पातळ, रिपोर्ट नॉर्मल.

मधल्या काळात वाफांनी परत हैराण केलंच होतं. मग जेल पुन्हा सुरू केलं, या वेळी कमी मात्रेत. अस्तराला मिरेनाचं संरक्षण आहे, ती पाच वर्षांनी बदलायची, आणि मध्ये थेंबभर जरी रक्त दिसलं तरी वाट न बघता यायचं. जेल लावून हात धुवायचे, सुकेपर्यंत नातवाला कडेवर घ्यायचं नाही, छातीला लावायचं नाही. हे सगळं मी त्यांच्या फाईलवर मराठीत लिहून दिलं, आणि कुठलं औषध कशासाठी तेही. त्याखाली ठळक अक्षरात: ही चिठ्ठी फक्त तुमची.

थोरल्या जाऊबाईंनाही पुढच्या आठवड्यात बोलावलंय. त्यांचं वजन वाढलंय, बीपीही. तोंडानं घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळीनं रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, कातडीवर लावायच्या जेलनं तसा वाढताना दिसत नाही. त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालंय. बीपी आटोक्यात आलं की त्यांना गोळीवरून जेलवर आणायचं आहे.