मानेवाड्याचं घर किरायाने दिलं तेव्हा

सासरे गेले आणि सासूबाई नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात एकट्या राहिल्या. सहा महिने आम्ही रोज फोनवर तेच सांगायचो, आई मानेवाड्याला आमच्या घरी चला, सगळं तळमजल्यावर आहे, जिना नाही, संडास बाथरूम घरात आहे. त्यांचं एकच उत्तर. "इथून मी मारबतीची मिरवणूक पायी जाऊन पाहून येते, बडकस चौकात सगळे ओळखतात, तुमच्या लेआउटात मी दिवसभर कोणाशी बोलू?" त्यांचं म्हणणं खरंच होतं. नवरा ऑफिसात, मी शाळेत, पोरगी कॉलेजात, म्हणजे तिथे आणून त्यांना कुलपात ठेवल्यासारखंच झालं असतं. मग आम्हीच महालात आलो आणि २०१२ मध्ये बांधलेलं आमचं घर किरायाने द्यायचं ठरलं, लोनची अजून सहा वर्षं बाकी होती, रिकामं ठेवणं परवडणारं नव्हतं.

हे लिहितेय कारण घर किरायाने देताना काय काय बघायचं हे गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी विचारलं, एकीची बदली झाली आहे आणि एकीला आईवडिलांकडे जायचं आहे. दोघींना फोनवर तास तास सांगितलं तरी अर्धं राहूनच गेलं.

सगळ्यात आधी त्या मागच्या खोलीबद्दल सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तीच आहे. आमच्याकडे हॉल, किचन, दोन बेडरूम आणि मागे एक छोटी खोली, जिथे बाबांची पुस्तकं होती (माझ्या बाबांची, ते गेल्यावर मी घेऊन आले होते), पोरीच्या लहानपणच्या वस्तू, आईची पेटी, रुखवताची भांडी, असं सगळं. महालातल्या घरात हे ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी म्हटलं ही खोली लॉक करून ठेवू, बाकीचं घर देऊ. नागपुरात खूप लोक असंच करतात, एक खोली मालकाची, तिला मोठं कुलूप, आणि किरायेदाराने त्या दाराकडे बघत संसार करायचा. मला तेव्हा यात काहीच चुकीचं वाटलं नाही. वाटलं, घर आपलंच आहे, एक कोपरा आपल्यासाठी ठेवला तर काय झालं.

आधी कामं काढली. काळ्या मातीतलं घर आहे, कंपाउंडच्या भिंतीला भेग होतीच, ती भरली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. रंग साधा, फिकट, सगळीकडे एकच दिला म्हणजे पुढे डाग पडला तर टचअप करता येतं. किचनच्या ट्रॉल्या बदलायचा विचार होता, नवरा म्हणाला राहू दे, आणि बरोबर म्हणाला. पैसा लावायचाच तर वायरिंगला लावा.

वायरिंगचं मी नीट सांगते, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हा जिवाचा प्रश्न आहे. इथे पारा ४५ च्या वर जातो, एप्रिल ते जून कूलर दिवसरात्र चालतो. लोखंडी टब, आत पाणी, पाण्यात पंप, ओल्या ताट्या, आणि जमीनही ओली. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून कोणीतरी गेल्याची बातमी वाचतोच आपण. आपल्या घरात आपल्याला माहीत असतं की कोणतं बटण सैल आहे, पाणी भरायच्या आधी स्विच बंद करायचा, चप्पल घालून जायचं. येणाऱ्याला हे काहीच माहीत नसतं. इलेक्ट्रिशियनने आमची अर्थिंग तपासली तर जवळजवळ मेलेली. बारा वर्षांत खड्ड्याकडे कोणी बघितलंच नव्हतं, उन्हाळ्यात माती सुकली की तिच्यातून करंट नीट जमिनीत जात नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं हे मला तेव्हा कळलं. नवीन खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी लावली. म्हणजे थोडाही करंट बाहेर गळला तर सप्लाय आपोआप तुटतो. कूलरच्या दोन्ही खिडक्यांपाशी तीन पिनचे सॉकेट दिले. या एका कामाचा मला आजही आनंद आहे. घरमालक लोकहो, टाइल्स नंतर बदला, आधी अर्थिंग बघा.

मग किरायेदार शोधून देणारा डीलर. फोनवर पहिला प्रश्न घराबद्दल नव्हताच. "मॅडम, फॅमिलीच पाहिजे ना? व्हेजच ना? आणि कोणते लोक चालतील?" कोणते लोक म्हणजे काय हे नागपुरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. ज्यांना आडनाव विचारून घर नाकारलं गेलं अशा माझ्या दोन सहकारी शिक्षिका आहेत, एकीला तर चार महिने शोधावं लागलं होतं, पगार माझ्याएवढाच. मी डीलरला सांगितलं की भाऊ, आडनाव विचारायचं नाही, काय शिजवता ते विचारायचं नाही, काय काम करतात आणि किती जण राहतील एवढंच विचारा. तो म्हणाला, "नंतर तुम्हीच कटकट करसान." दुसरा डीलर बघितला.

शेवटी शाळेतल्या एका मावशींच्या ओळखीतून एक नर्स आली, गडचिरोलीकडची, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ड्युटी. सोबत तिची आई. तिला मेडिकल चौकात जाणं सोपं, आम्हाला स्थिर माणूस, किराया १२ हजार ठरला, डिपॉझिट २४ हजार. मागच्या खोलीचं सांगितलं तर ती म्हणाली, "चालते ना ताई, आम्ही दोघीच आहोत."

कागदपत्रांबद्दल सगळेच मला सांगत होते, स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी करून टाक, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही. हे आपल्या महाराष्ट्रात चूक आहे! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, महिने कितीही असोत, आणि ते करायची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केलं तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उद्या भांडण झालं आणि रजिस्टर करार नसेल तर किराया किती, अटी काय, याबद्दल किरायेदार जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि करार नीट असेल, मुदत संपूनही समोरचा घर सोडत नसेल, तर त्याच कायद्यात कलम २४ आहे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळाचा दुप्पट किराया मागता येतो. नोटरीच्या कागदावर यातलं काही नीट उभं राहत नाही.

खर्चाला घाबरायचं कारण नाही. स्टँप ड्युटी पूर्ण मुदतीचा किराया अधिक डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के, या बेरजेवर ०.२५ टक्के. आमचं अकरा महिन्यांचं १ लाख ३२ हजार, डिपॉझिटचे साधारण २४०० धरले, म्हणजे ड्युटी साडेतीनशेच्या आसपास. रजिस्ट्रेशन फी महानगरपालिका हद्दीत १००० रुपये. आता ऑनलाइन होतं, माणूस मशीन घेऊन घरी येतो, आधार नंबर, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, अर्ध्या तासात काम झालं. त्याची फी वेगळी. ती नर्स नाइट ड्युटी करून तशीच आली होती, डोळे लाल, पण सगळा करार तिने बसून वाचला आणि एक अट बदलायला लावली, घरमालक येण्याआधी एक दिवस कळवेल अशी. मला तेव्हा थोडं लागलं, खरं सांगते. माझंच घर आणि मी कळवून यायचं?

पोलीस स्टेशनला किरायेदाराची माहिती द्यायची असते, ती महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून दिली. विजेचं मीटर आणि पाण्याचं मीटर आमच्याच नावावर ठेवलं, बिल तिने भरायचं, पण दर महिन्याला मी ऑनलाइन बघते कारण थकलं तर थकबाकी आपल्याच मीटरवर बसते. इन्कम टॅक्सचं एवढंच की किराया हे घराचं उत्पन्न म्हणून दाखवायचं, तुम्ही स्वतः भरलेला महापालिकेचा टॅक्स त्यातून वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा, मग लोनचं व्याज. वर्षाचे १ लाख ४४ हजार आले आणि ६ हजार टॅक्स भरला तर राहिले १ लाख ३८ हजार, त्यातले ४१,४०० दुरुस्तीबिरुस्तीचे म्हणून सुटतात, पावती लागत नाही. तिने एचआरएसाठी, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या टॅक्स सवलतीसाठी माझा पॅन मागितला तेव्हा नवरा बिचकला, पण वर्षाचा किराया एक लाखाच्या वर असला की तिला तो द्यावाच लागतो. आपण उत्पन्न दाखवतोच आहोत तर बिचकायचं कशाला.

चावी देताना मी एक चावी माझ्याकडे ठेवली. इमर्जन्सीसाठी, असं म्हणून. तिला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात एकदा दुपारी मी गेले. मागच्या अंगणातल्या माझ्या जास्वंदीला पाणी मिळत असेल का हाच विचार आठवडाभर डोक्यात होता. तिला ड्युटी असेल, आई गावाला गेली असेल असा अंदाज होता. फाटक उघडून सरळ किचनच्या दाराला चावी लावली आणि आत पाय ठेवला तर ती हॉलमध्ये कूलरसमोर खाली चटईवर झोपली होती, नाइट करून आलेली. दचकून उठली. ओरडली नाही, काही नाही, ओढणी घेतली आणि म्हणाली, "ताई, पाणी देऊ का?" मला तिच्या हातचं पाणी घशाखाली उतरेना. बारा वर्षं मी त्या हॉलमध्ये झोपले, पण त्या क्षणी मी कोणाच्या तरी घरात न विचारता शिरले होते. बाहेर येऊन बघितलं तर जास्वंद हिरवीगार, बुंध्याशी आळं केलेलं, ओलं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला पाठवून ती चावी तिला दिली आणि निरोप दिला की लॅच बदलून घे, पैसे आम्ही देतो.

आणि मग जुलै. तिचा फोन आला, बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन राहिली ताई, पलीकडे तुमची बंद खोली आहे, तिकडून काही आहे का बघा. एक दिवस आधी कळवून गेलो. कुलूप उघडलं तर वास आला आधी. खिडकीच्या वरच्या सज्जाजवळून पाणी आत झिरपत होतं, कधीपासून कोणास ठाऊक, आणि बंद ओल्या खोलीत वाळवीने पुस्तकांचं कपाट खालून वर पोखरत नेलं होतं. वरून कपाट अगदी नीट दिसत होतं. बाबांची ज्ञानेश्वरीवरची पेन्सिलीने लिहिलेली टिपणं, त्यांच्या वह्या, हातात घेतल्या की माती होऊन गळायच्या. मी तिथेच खाली बसले. तिची आई येऊन शेजारी बसली, त्यांनी काही विचारलं नाही, एकेक पुस्तक उचलून झटकत राहिल्या, जे शाबूत होतं ते एका बाजूला ठेवत गेल्या. सतरा पुस्तकं शाबूत निघाली.

त्या खोलीत कोणी राहत असतं तर पहिल्या पावसातच दिसलं असतं. घरातल्या प्रत्येक भिंतीला रोज बघणारं माणूस लागतं हो, विशेषतः आपल्याकडे, जिथे चार महिने सगळं तडकतं आणि पुढचे चार महिने झिरपतं. मी माझ्या वस्तू सांभाळायला म्हणून जिला कुलूप लावलं तीच एक खोली त्या घरात बेवारशी होती, बाकी सगळ्या खोल्या व्यवस्थित होत्या.

खोली रिकामी केली. पेटी महालात माझ्या पलंगाखाली आहे, भांडी नणंदेला दिली, खेळणी अंगणवाडीत. सज्जा दुरुस्त केला, खाली वाळवीचं औषध मारून घेतलं. किराया वाढवला नाही, कारण त्या भिंतीची ओल तिनेच सहन केली होती. तिचा धाकटा भाऊ आता त्या खोलीत राहून अभ्यास करतो.

अकरा महिने झाल्यावर नवीन करार केला, या वेळी २४ महिन्यांचा. कळवून येण्याची अट मीच टायपिंगवाल्याला आधी सांगितली. किराया १२,६०० केला. मागच्या खोलीसकट, पूर्ण घर, असं लिहिलं.

परवा तिच्या आईचा फोन होता. अंगणात गोडनिंब लावायचा आहे आणि एक वाफा पालकाचा, पण जागा कमी पडते, जास्वंद थोडी छाटली तर चालेल का म्हणत होत्या. छाटा म्हटलं, मुळासकट काढली तरी चालेल, फक्त बोअरच्या पाइपपासून चार फूट सोडून खणा, तिथे पाइप वरच आहे.