ताई, मी तिला काय सांगू?

२६ फेब्रुवारी २०२२. माझी रात्रपाळी होती. परदेशातल्या प्रेक्षकांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या एका इंग्रजी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर मी तेव्हा होते. समोरच्या पडद्यावर न्यूयॉर्कहून सुरक्षा परिषदेची फीड येत होती. रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करणाऱ्या ठरावावर मतदान व्हायचं होतं. फेब्रुवारी महिन्याचं अध्यक्षपद रशियाकडेच होतं, त्यामुळे मतदान पुकारत होते तेही रशियाचेच राजदूत. ठरावाच्या बाजूचे कोण, विरोधातले कोण, तटस्थ कोण, असं एकेक विचारलं जातं आणि त्या त्या वेळी हात वर होतात. आपला हात तिसऱ्या वेळी वर गेला. ११ बाजूनं, रशियाचा एक विरोधात आणि तोच नकाराधिकार, म्हणजे ठराव पडला, तीन तटस्थ: भारत, चीन, संयुक्त अरब अमिराती.

पडद्याच्या तळाशी सरकणारी बातमीची पट्टी लिहायचं काम माझं. 'इंडिया अब्स्टेन्स', म्हणजे भारत तटस्थ, असे दोन शब्द टाकले आणि पाठवले. जगभरच्या वाहिन्यांवर तेव्हा तेच दोन शब्द होते. आपले राजदूत टी. एस. तिरुमूर्ती यांनी परिषदेत मताची कारणं सांगितली होती आणि ते निवेदन माझ्या मेलमध्ये येऊन पडलं होतं. पुढच्या बुलेटिनचा रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावायच्या गडबडीत मी ते वाचायचं मागे टाकलं. ही चूक माझीच, आणि तिची रुखरुख अजून जात नाही.

पाळी संपता संपता फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. कराडला माझ्या मावशीच्या शेजारी एक कुटुंब राहतं, त्यांची मुलगी युक्रेनमधल्या विनित्सियाला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. २४ तारखेला युक्रेनचं आकाश विमानांसाठी बंद झालं, तेव्हापासून ती मला अधूनमधून मेसेज करायची. बसेस कधी निघणार, कुठल्या सीमेवर जायचं, असलंच काहीतरी. या वेळी आवाज वेगळा होता. मागे बायकांचं बोलणं, एक लहान मूल रडतंय.

"ताई, आम्ही बेसमेंटमध्येच आहोत. आमच्या वॉर्डनकाकूंनी आत्ता विचारलं, तुमच्या देशानं आमच्या बाजूनं हात का नाही वर केला? रात्रभर आम्हाला चहा देतायत त्या, ताई. स्वतःचं ब्लँकेट दिलं मला. मी तिला काय सांगू?"

मेसेज मी दोनदा ऐकला. मग ते निवेदन उघडलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. हिंसा ताबडतोब थांबवा. माणसांचे जीव देऊन कुठलाही प्रश्न सुटत नाही. भारतीय समाजाची, त्यातही युक्रेनमधल्या मोठ्या संख्येनं असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची आम्हाला काळजी आहे. आजची जागतिक व्यवस्था संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर, आंतरराष्ट्रीय कायद्यावर आणि प्रत्येक देशाचं सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता यांचा मान राखण्यावर उभी आहे. मुत्सद्देगिरीचा मार्ग सोडला गेला याचा खेद आहे, त्या मार्गावर परत यायला हवं. या सगळ्या कारणांसाठी भारत तटस्थ राहतोय.

म्हणजे त्या तळघरात बसलेल्या मुलीचा उल्लेख आपल्या देशाच्या अधिकृत भूमिकेत होता. माझ्या पट्टीत नव्हता.

मी घरी गेले नाही. सकाळच्या पाळीचे वरिष्ठ आले, त्यांना सगळं सांगितलं आणि दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे दृश्यांसह छोटी बातमी, करायची परवानगी मागितली. मतदानाचं दृश्य, आपला हात वर जातो तो क्षण, त्यावर निवेदनातली वाक्यं जशीच्या तशी, तटस्थ राहणं म्हणजे नेमकं काय याचं एक वाक्य. विशेषण एकही नाही. एडिटरनं दोनदा कापून ते एक मिनिट चाळीस सेकंदांवर आणलं. ऑन एअर गेल्यावर लिंक तिला पाठवली.

तासाभरानं उत्तर आलं. व्हिडिओ इंग्रजीत, वॉर्डनकाकूंना इंग्रजी जेमतेम. मग ही कराडची मुलगी, जिला तिथल्या भाषेत पेशंटला 'कुठे दुखतंय' विचारण्यापुरतंच शिकवलेलं, एकेक वाक्य थांबवून त्यांना उलगडून सांगत बसली. सार्वभौमत्वाला शब्द सापडेना, तर म्हणे मी सांगितलं, 'तुमचं घर ते तुमचंच.' काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यात हल्ला कोणी केला त्याचं नाव कुठे आहे?"

नाव नव्हतंच. निवेदनात रशियाचा उल्लेख नाही, ते मी पुन्हा पाहिलं.

दुपारी संध्याकाळच्या चर्चेची बैठक होती. मी तो प्रश्न वहीत लिहून समोर ठेवला आणि म्हटलं, हाच पहिला विचारू या. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. एका सहकाऱ्याची शंका रास्त होती: आपण देशाची बाजू मांडायला बसलोय, देशाला अडचणीत आणणारा प्रश्न आपणच आपल्या पडद्यावर का आणायचा? वरिष्ठांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, "अहो, हा प्रश्न पडद्यावर आणा नाहीतर नका आणू, तो तिथे विचारला जातोच आहे. आपल्याकडे उत्तर असेल तर भ्यायचं कशाला?"

संध्याकाळी एक निवृत्त राजनैतिक अधिकारी पाहुणे म्हणून होते. अँकरनं पहिलाच प्रश्न तो विचारला, युक्रेनमधल्या एका वसतिगृहाच्या वॉर्डननं विचारलाय असं सांगून. ते आडवळणाला गेले नाहीत. आपल्या सैन्याकडच्या शस्त्रास्त्रांचा मोठा भाग रशियन आहे, हे त्यांनी सरळ सांगितलं. वीस हजारांच्या आसपास आपली माणसं युद्धात सापडली आहेत, त्यांना बाहेर काढायला दोन्ही बाजूंशी बोलता आलं पाहिजे, हेही सांगितलं. त्याच दिवशी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी आपल्या पंतप्रधानांना फोन करून सुरक्षा परिषदेत राजकीय पाठिंबा मागितला होता, तीही बातमी चर्चेत आली. "त्या बाईंना माझं उत्तर पुरेसं वाटणार नाही," ते म्हणाले, "पण ते खरं आहे."

मला स्वतःला हे धोरण पूर्ण पटलं होतं का, हा मुद्दा वेगळा. पण त्या सात-आठ मिनिटांत देशाची बाजू जितकी नीट मांडली गेली, तितकी दिवसभरच्या बाकी कुठल्याही बुलेटिनमध्ये गेली नाही. बाजू लंगडी होती तिथे ती लंगडी दिसली, म्हणून जिथे भक्कम होती तिथे भक्कम वाटली.

परदेशासाठी दूरदर्शनची वेगळी वाहिनी, आजची डीडी इंडिया, १४ मार्च १९९५ला सुरू झाली. तेव्हापासून नाव बदललं, रूप बदललं, २०१९मध्ये तिची इंग्रजी वृत्तवाहिनी झाली. सुधारणेची चर्चा निघाली की उपग्रह, स्टुडिओ, किती देशांत दिसते, इथपर्यंत येऊन थांबते. ते सगळं लागतंच, नाही कोण म्हणतंय. पण अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या ज्या सनदेवर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी १२ जुलै १९७६ला सही केली, तिचं तिसरं कलम मला फार मोलाचं वाटतं: अमेरिकेची धोरणं स्पष्टपणे मांडायची, आणि त्या धोरणांवरची जबाबदार चर्चा व मतंही मांडायची. दोन्ही एकाच वाक्यात. जर्मनीच्या डॉइचे वेले या परदेशांसाठीच्या प्रसारण संस्थेच्या कायद्यातही जर्मन दृष्टिकोनाबरोबर इतर दृष्टिकोनांना व्यासपीठ द्यायचं लिहिलेलं आहे. सरकारचा पैसा घेऊन सरकारचं धोरण सांगणाऱ्या संस्थांसाठीच हे लिहिलंय. उलट बाजूही त्याच दिवसांत डोळ्यांसमोर घडली. २ मार्चला युरोपीय संघानं आरटी या रशियन सरकारी वाहिनीवर बंदी घातली. त्याच्या वर्षभर आधी ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामकानं चीनच्या सीजीटीएन या सरकारी वाहिनीचा परवाना रद्द केला होता, कारण परवानाधारक कंपनीच्या हाती संपादकीय ताबा नव्हता आणि वाहिनीवर अंतिम सत्ता चीनच्या कम्युनिस्ट पक्षाची होती.

आणि भाषा. बीबीसी, डॉइचे वेले, व्हॉइस ऑफ अमेरिका, तिघांच्याही युक्रेनियन आणि रशियन सेवा होत्या. आपल्या आकाशवाणीनंही १९३९मध्ये विदेश सेवा सुरू केली ती पश्तोत. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भाषेत बोलायचं, हे तेव्हाच्या माणसांना कळलेलं होतं. त्या दिवशी भारताचं परराष्ट्र धोरण युक्रेनच्या एका तळघरात पोचलं ते आमच्या इंग्रजीमुळे नव्हे, तर एका एकवीस वर्षांच्या मुलीच्या मोडक्यातोडक्या बोलण्यामुळे.

त्याच रात्री रोमानियातल्या बुखारेस्टहून निघालेलं ऑपरेशन गंगाचं, युक्रेनमधल्या भारतीयांना परत आणायच्या मोहिमेचं, पहिलं विमान मुंबईला उतरलं. २१९ जण. विमानाची दृश्यं मी घरी पाहिली, कारण वरिष्ठांनी तोवर मला जबरदस्तीनं घरी धाडलं होतं. मावशीचा फोन आला, "आपली आहे का गं त्यात?" नव्हती. ती दोन दिवसांनी बसनं रोमानियाच्या सीमेकडे निघाली, रात्रभर थंडीत रांगेत उभी राहिली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचली. या मोहिमेत एकूण सुमारे २२,५०० भारतीय परत आले.

त्यानंतर मी दोन पानांचं टिपण लिहून दिलं. मतदान किंवा करार झाला की अधिकृत निवेदनाचा पूर्ण मजकूर तासाभराच्या आत पडद्यावर आणि संकेतस्थळावर जावा. प्रत्येक चर्चेत पहिला प्रश्न समोरच्या देशातल्या माणसाचा असावा. महत्त्वाच्या दीड-दोन मिनिटांच्या व्हिडिओंवर किमान पाच भाषांतली उपशीर्षकं असावीत. पहिली गोष्ट आमच्या पाळीनं लगेच सुरू केली, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. दुसरी अँकरवर अवलंबून होती, कधी व्हायची, कधी नाही. तिसरीसाठी माणसं हवी होती.

एप्रिलमध्ये कराडला गेले तेव्हा ती भेटायला आली. वॉर्डनकाकूंशी अजून बोलणं होतं, म्हणाली. त्या तिथेच आहेत, वसतिगृहात आता पूर्वेकडून आलेली कुटुंबं राहतात. संध्याकाळच्या त्या चर्चेतला पाहुण्यांच्या उत्तराचा तुकडा तिनं त्यांना नंतर पाठवला होता, खाली स्वतः भाषांतर लिहून.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मला पटलं नाही. पण तुमच्या टीव्हीनं माझा प्रश्न विचारला, हे मी बहिणीला दाखवलं."

तिनं फोन पुढे केला. ते भाषांतर मला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजल्या. अकरा होत्या.