तुम्ही विचारलंत म्हणून: बीएस्सी झालेल्या पोरांना शाळेवर का घेत नाहीत?

गणपतीला आलेले चाकरमानी असोत की शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, मला हटकून एकच विचारतात. "गुरुजी, वाडीत बीएस्सी झालेली पोरां आसत. शाळेत मास्तर नाय, तर तेंकाच घेवक काय हरकत आसा? डी.एड., टीईटी कित्याक व्हयी?" सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी नोकरी झाली, म्हणून मला विचारतात. त्यांची तळमळ खरी आहे. शाळा शून्यशिक्षकी झाली की शेजारच्या शाळेतला एक जण कामगिरीवर येतो आणि तिकडची मुलं उघडी पडतात. तरीही डी.एड. म्हणजे शिक्षकाची पदविका आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ही अट काढू नये असंच मी म्हणतो.

पात्रता शिथिल करायची सोय कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 23 प्रमाणे केंद्र सरकार किमान पात्रतेत जास्तीत जास्त 5 वर्षांपर्यंत सवलत देऊ शकतं. पण ती कधी, तर राज्यात शिक्षक घडवणाऱ्या संस्था पुरेशा नसतील किंवा पात्र माणसंच पुरेशी मिळत नसतील तेव्हा. आपल्याकडे तशी स्थिती आहे का? डी.एड. झालेली मुलं-मुली गावोगाव आहेत. 2010 नंतर कित्येक वर्षं मोठी भरती निघालीच नाही. वाट बघून कुणी रिक्षा घेतली, कुणी काजूच्या कारखान्यात लागलं, कुणी गोव्यात कंपनीत गेलं. टीईटी पास झालेलेसुद्धा त्यांत आहेत. त्यांना डावलून अट काढली, तर ज्यांनी दोन वर्षं शिक्षण घेतलं त्यांनी काय करायचं?

मग वर्ग रिकामे का? भरती 'पवित्र पोर्टल' या सरकारी संकेतस्थळावरून, राज्यभराच्या गुणवत्ता यादीतून होते. घाटावरची हुशार मुलं इथे रुजू होतात, चांगली शिकवतात, आणि आंतरजिल्हा बदलीची संधी आली की गावी परततात. म्हातारे आईवडील तिकडे असताना त्यांनी इथेच राहावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? दोष त्यांचा नाही. पण एका आदेशात मोठ्या संख्येने शिक्षक कार्यमुक्त होतात आणि बदली माणूस येत नाही, तेव्हा आमच्या वाडीवरची शाळा ओस पडते. ही गळती प्रमाणपत्राची अट काढून थांबायची नाही. बिनप्रमाणपत्राचा माणूसही चांगली नोकरी मिळाली की जाणारच.

आता मुख्य गोष्ट. पहिली-दुसरीला शिकवणं सोपं, असा समज आहे. पोर 'एकशे तीन' ऐकतं आणि 1003 लिहितं. 'पंचवीस' ऐकून 52 लिहितं, कारण पाच आधी कानावर पडतात. बीएस्सी झालेल्या मुलाला गणित उत्तम येईल, पण हे पोर नेमकं कुठे अडलंय ते त्याला दिसेलच असं नाही. मणी-काड्यांच्या दशकाच्या जुड्या बांधून ते कसं सोडवायचं, हे शिकावं लागतं. घरात मालवणी बोलणारं मूल पुस्तकातल्या मराठीपाशी आणायचं, तेही त्याच्या बोलीला चूक न म्हणता. आणि आमच्या लहान पटाच्या शाळांत दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. तिसरीला काम देऊन पहिलीला वाचायला बसवायचं, तेवढ्यात चौथीचा हात वर. एकेका इयत्तेचा वर्ग घेणाऱ्या शहरातल्या शिक्षकापेक्षा इथल्या शिक्षकाला तयारी जास्तच लागते. अट सैल करायची ती नेमकी वाडीवरच्या मुलांसाठी, हे माझ्या मनाला पटत नाही.

मग 'स्थानिकांनाच घ्या' अशी मागणी होते. भावना मला कळते. पण राज्यघटनेच्या कलम 16 मध्ये सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा रहिवास यावरून भेदभावाला मनाई आहे, त्यामुळे अशी मागणी कोर्टात टिकणं कठीण. माझं मागणं वेगळं आहे. पद जिल्ह्याला बांधा. लातूरचा येवो की लांज्याचा, रुजू होताना त्याला स्पष्ट सांगा की दहा वर्षं जिल्हा सोडता येणार नाही, आणि कुणी बदलून गेलाच तर त्याच्या जागी माणूस हजर झाल्याशिवाय त्याला सोडू नका. एवढं माहीत असताना जो अर्ज करेल, तो राहायच्या तयारीने येईल. त्यात इथली डी.एड. झालेली मुलं आपसूक पुढे येतील.

पैशाचंही बोलायला हवं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाचं, मानधन 2023 मध्ये 6,000 वरून 16,000 झालं, तेही तीन वर्षांसाठी. त्याच वर्षी निवृत्त शिक्षकांना कंत्राटी नेमणुकीवर महिना 20,000 द्यायचं ठरलं. म्हणजे पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याला नव्या मुलापेक्षा जास्त. मला ते पैसे नकोत. ते त्या मुलाला द्या.

राहिली तुमच्या वाडीतली बीएस्सी झालेली मुलगी. तिला शिकवायची आवड असेल तर बी.एड. करू द्या. मग सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर द्यायचा. 150 गुणांत खुल्या प्रवर्गाला 90 लागतात. पहिली ते पाचवीला मात्र बी.एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 ला तसा निकाल दिलाय. तिथे डी.एड.च हवं. तोवर संध्याकाळी तिने वाडीतल्या मुलांना समाजमंदिरात विज्ञान शिकवायला कुणाची ना नाही. मीही येईन बसायला.